मातीचं मोल आणि शिक्क्याचा भाव

चीनमधल्या यीशिंगच्या मातीच्या चहादाण्या ही गुंतवणूक की फसवणूक, या वादात दोन्ही बाजू इतक्या तावातावाने बोलतात की मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. पहिली बाजू सांगते की खाण बंद झाली, जुने कारागीर गेले, माल मोजका उरला आणि पैसेवाले चिनी वाढतच आहेत, तेव्हा भाव चढणारच; आज घ्या, दहा वर्षांनी विका. दुसरी बाजू हसते. मातीच्या भांड्यासाठी लाखो युआन मोजणाऱ्याच्या डोक्यातही मातीच असणार, आणि बाजार तर नकली मालाने बुजबुजलेला. मग पहिले लोक अस्सल माल कसा ओळखावा याचे धडे देतात, दुसरे नकलीचे किस्से सांगतात, आणि सगळी चर्चा 'खरं की खोटं' या एकाच खुंटीला टांगून राहते. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. चहादाणी अस्सल आहे, उत्तम आहे, वाजवी भावात मिळाली आहे असं धरून चालू. तरीही गुंतवणूक म्हणून ती वाईटच. गुंतवणुकीचा कस विकताना लागतो, आणि या वस्तूला घ्यायचा भाव ठरलेला असतो, विकायचा मात्र कुणीच सांगत नाही.

आधी वस्तूबद्दल थोडं, कारण तिची टिंगल करणाऱ्यांनी बहुधा ती हातात घेतलेली नसते. मराठीत 'चिनी माती' म्हटलं की पांढरीशुभ्र, चकचकीत कपबशी डोळ्यांसमोर येते. यीशिंगची माती अगदी उलट: अपारदर्शक, बिनचकाकीची, तपकिरी, विटकरी किंवा पिवळसर. तिचं चिनी नाव 'झीशा', म्हणजे जांभळी वाळू. ही माती ज्यांगसू प्रांतात, ताइ सरोवराच्या पश्चिमेला असलेल्या यीशिंगजवळच्या डोंगरांत सापडते आणि डिंगशू गावात तिची भांडी होतात. हातघडणीची चहादाणी चाकावर फिरवत नाहीत. मातीची पोळी लाकडी फळीने थापून सारखी करायची, तिची पट्टी गोल वळवून सांधायची आणि एका हाताचा आतून आधार देत दुसऱ्या हाताने थापटून थापटून पोटाला गोलाई आणायची. शेवटी शिंगाच्या पातळ, लवचीक पट्टीने अंग घोटायचं. माझ्याकडे अशी एक आहे, मुठीत मावेल एवढी. कारागीर नामवंत नाही. झाकणाच्या भोकावर बोट दाबलं की तोटीतून पडणारी धार जागच्या जागी थांबते. आत बोट फिरवलं की मुठीच्या बाजूला सांध्याची बारीकशी रेघ लागते. झाकण फिरवताना माती मातीवर घासल्याचा जो कोरडा, बारीक आवाज येतो तो ऐकण्यासाठी मी ते विनाकारण फिरवत बसतो. तेव्हा हा लेख मातीच्या भांड्यांना नाकं मुरडणाऱ्याचा नव्हे.

आता गुंतवणूक म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. भाव खरोखर चढले आहेत, आणि साधेसुधे चढलेले नाहीत. गू जिंगझौ (१९१५–१९९६) हे विसाव्या शतकातलं या कलेतलं सर्वांत मोठं नाव. १९४८ मध्ये त्यांनी 'शीपियाओ' या घाटाच्या पाच चहादाण्या केल्या आणि चित्रकार वू हूफान यांनी त्यांच्यावर अक्षरं आणि बहुतेकांवर चित्रंही काढली. त्यांतली एक २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनला गेली. २०१५ मध्ये त्यांच्याच हातचा, खार आणि द्राक्षांच्या नक्षीचा दहा नगांचा संच ८ कोटी युआनच्या बोलीला सुटला. लिलावगृहाचं शुल्क धरून ९ कोटी २० लाख. या माणसाने कारकिर्दीचा मोठा भाग यीशिंगच्या कारखान्यात, पगारी नोकरीत काढला होता. त्या काळात त्यांची एखादी चहादाणी घेऊन ठेवली असती तर? हा 'तर' भल्याभल्यांची झोप उडवतो, हे मला मान्य आहे.

पण या उदाहरणाकडे जरा निरखून पाहा. १९४८ च्या त्या पाच चहादाण्या विकायला केलेल्याच नव्हत्या. गू यांनी त्या स्नेह्यांना दिल्या आणि एक स्वतःकडे ठेवली. ज्यांच्या घरी त्या राहिल्या त्यांनी दूरदृष्टीने पैसे गुंतवले नव्हते, त्यांना एका मित्राने भेट दिली होती. पुढे साठ वर्षांत क्रांती झाली, सांस्कृतिक क्रांती झाली, बाजार बंद झाला आणि पुन्हा उघडला. कारखान्यात सात वयोवृद्ध उस्ताद गुरुस्थानी मानले जात. गू त्यांतले एक. उरलेल्या सहांची कामं कमी दर्जाची होती का? चियांग रोंग यांची निसर्गाकृती भांडी पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. तरी कोटीच्या बातम्यांत नाव येतं ते प्रामुख्याने एकाचं. आणि या सातांखालच्या, वर्षानुवर्षं चहादाण्या घडवणाऱ्या इतर हातांचं काय? त्यांची भांडी आज कोणत्या भावाने जातात, हे लिलावाच्या बातमीत कधीच येत नाही. जिंकलेल्या घोड्याकडे बोट दाखवून 'घोडे घेणं फायद्याचं' असं सांगायचा हा प्रकार आहे. आज तुमच्यासमोर शंभर जिवंत कारागिरांची कामं ठेवली, तर साठ वर्षांनंतरचा गू जिंगझौ त्यांतला कोण, हे सांगाल? सांगता येत नसेल तर त्याला गुंतवणूक म्हणू नये, ती सोडत आहे.

दुसरा मुद्दा मातीच्या टंचाईचा. हुआंगलाँग डोंगरातली खाण २००५ मध्ये बंद झाली, हे खरं. मग 'मूळ खाणीची शेवटची माती' हे पालुपद सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. साधा हिशेब करू. एका मध्यम चहादाणीला पाव किलो माती लागते असं धरा. म्हणजे एका टनात चार हजार चहादाण्या. खाण बंद होण्याआधी कारखान्यांनी आणि घरोघरच्या कारागिरांनी किती टन माती साठवून ठेवली, याची मोजदाद कुणाकडे आहे? तयार भांडं हातात घेऊन त्यातली माती त्याच डोंगराची की शेजारच्या, १९९५ ची की परवाची, हे विक्रेत्याच्या शब्दाशिवाय कळायला सामान्य गिऱ्हाइकाकडे मार्ग काय? सोनं दुर्मीळ आहे आणि ते सोनं आहे हे कुठलाही सराफ कसोटीवर घासून सांगतो. इथे दुर्मीळपणाचा दावा विकणारा करतो आणि त्याचा पुरावाही तोच देतो. बरं, गंमत अशी की २०१० मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनेच साध्या मातीत लोह, मँगनीज वगैरेंची रासायनिक भुकटी मिसळून हवा तो 'दुर्मीळ' रंग कसा आणतात, हे दाखवलं. बाजार काही दिवस हादरला आणि त्याच वर्षी तो १ कोटी २३ लाखांचा विक्रमही झाला. ज्या बाजाराला वाईट बातमीचं वजनच जाणवत नाही, तिथे चांगल्या बातमीवर विसंबून पैसे लावायचे कसे?

नकलीच्या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नव्हतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. 'तज्ज्ञाला दाखवून घ्या' म्हणणारे तिच्याकडे काणाडोळा करतात. १९३० च्या दशकात शांघायच्या पुराणवस्तू-व्यापाऱ्यांनी यीशिंगचे हुशार कारागीर पदरी ठेवून त्यांच्याकडून मिंग आणि छिंग या जुन्या राजघराण्यांच्या काळातल्या उस्तादांच्या नकला करवून घेतल्या. नकला करणाऱ्यांत कोण होते? तरुण गू जिंगझौ. म्हणजे ज्याच्या नावाच्या नकली चहादाण्या आज बाजारात फिरतात, त्याच्याच हातच्या नकला एके काळी जुन्या उस्तादांच्या नावाने फिरल्या. आणखी मागे जा. या कलेचा मूळपुरुष मानला जातो गोंग चुन. सोळाव्या शतकाच्या आरंभी एका मठात भिक्षूचं पाहून माती वळायला शिकलेला नोकर, अशी त्याची आख्यायिका. त्याच्या नावाची, झाडाच्या गाठीसारख्या ओबडधोबड अंगाची चहादाणी बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचं मूळ झाकण हरवलेलं. हुआंग यूलिन या कारागिराने भोपळ्याच्या देठासारखं झाकण केलं, पुढे ते चुकलं असं ठरून पेई शीमिन यांनी वेगळं केलं. आणि हे संपूर्ण भांडंच गोंग चुनचं की कितीतरी नंतरच्या कुणाचं, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. राष्ट्रीय संग्रहालयाची ही कथा, तिथे तुमच्या-माझ्या प्रमाणपत्राची काय मातब्बरी?

शास्त्राचा आधारही तोकडा पडतो. माती तापवली की तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, तो मोजून भांडं कधी भाजलं हे ठरवतात, पण त्या कसोटीत चूक-भूल बरीच असते. मिंग काळातलं आणि आजचं असा फरक ती सांगेल. १९८५ चं की १९९५ चं, हे नाही. मातीचं रासायनिक पृथक्करण घटक सांगतं, हात कुणाचा ते सांगत नाही. आणि भाव तर सगळा हाताचा. त्यातही नवी गुंतागुंत आहे. भांड्यावरचा उस्तादाचा शिक्का खरा, प्रमाणपत्र खरं, उस्ताद ती चहादाणी हातात धरून गिऱ्हाइकाशेजारी उभे असलेलं छायाचित्र खरं, फक्त भांडं दुसऱ्याच कुणीतरी केलेलं. दुसऱ्याच्या हातून काम करवून त्यावर आपला शिक्का मारायचा प्रकार चीनमध्ये इतका परिचित आहे की त्याला 'दाइगोंग' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. हे भांडं अस्सल म्हणायचं की नकली? 'खरं की खोटं'वर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी याचं उत्तर द्यावं.

मग भाव ठरतो कशावर? मातीवर नाही, घडणीवरही पूर्णपणे नाही. तो ठरतो पदवीवर. चीनमध्ये हस्तकलाकारांची सरकारमान्य उतरंड आहे: साहाय्यक, कारागीर, वरिष्ठ, मग प्रांतिक उस्ताद, आणि सर्वांत वर राष्ट्रीय उस्ताद. पायरी चढली की तोच माणूस, तेच हात, तीच माती आणि भाव मात्र कित्येक पट. म्हणजे घेणारा प्रत्यक्षात एका सरकारी दाखल्यावर पैसे लावतो. या प्रकाराला इतिहासात एक तंतोतंत जुळणारं उदाहरण आहे, आणि तेही चहाच्याच जगातलं. १५९४ मध्ये साकाई बंदराचा व्यापारी सुकेझाएमोन फिलिपिन्समधल्या लुझोनहून पन्नासेक मातीचे रांजण घेऊन जपानला परतला. साधे साठवणीचे रांजण. तिकडे त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण जपानच्या चहापंथात चहाची पानं ठेवायला असे रांजण प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले होते. सत्ताधीश हिदेयोशीने ते ओसाकाच्या किल्ल्यात मांडले, त्यांना भाव लावले, आणि सरदारांनी ते थोड्याच दिवसांत उचलले. सरदारांनी काय घेतलं? रांजण? त्यांनी हिदेयोशीची मर्जी घेतली. पुढे सत्ता बदलली, रुची बदलली, आणि लुझोनचा रांजण ही संग्रहालयातली मजेशीर हकीकत होऊन बसली.

यीशिंगच्या बाजारातही असे राजाश्रयाचे भाव होतेच. चिनी भाषेत 'याहुई' म्हणून एक शब्द आहे: सुसंस्कृत लाच. नोटांचं पुडकं देण्याऐवजी चित्र द्यायचं, जेडचा तुकडा द्यायचा, नामांकित उस्तादाची चहादाणी द्यायची. घेणाऱ्याला रसिक म्हणवून घेता येतं आणि देणाऱ्याला किमतीचा आकडा लपवता येतो. या कामासाठी नकोशा पारदर्शक भावापेक्षा धूसर भावच सोयीचा. २०१२ च्या अखेरीस भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाली आणि भेटवस्तूंची ही मागणी आटली, तेव्हा उस्तादांच्या चहादाण्यांचा बाजारही मंदावला. चहादाण्या त्याच होत्या, पिणारेही तेच. गेले ते फक्त देणारे. त्याच मंदीत गू यांच्या संचाने ९ कोटी २० लाख गाठले, ही विसंगती नाही. शिखरावरचं एखादं नाव तगतं आणि खालची उतरण घसरते, हे अशा बाजाराचं नेहमीचंच रूप. याआधी तैवाननेही हे भोगलंय. १९८७ मध्ये तिथल्या लोकांना चीनच्या मुख्य भूमीवर जायची मुभा मिळाली, यीशिंगवर खरेदीदारांची झुंबड उडाली, भाव भडकले, आणि नव्वदचं दशक मध्यावर येता येता तो ज्वर उतरला. आणि चहाच्या कपाटात चहादाणीशेजारी ठेवलेल्या पू-अरच्या वड्यांचं तर विचारूच नका: 'जितका जुना तितका महाग' म्हणून साठवलेला तो चहा २००७ मध्ये काही महिन्यांत कोसळला.

आता विकण्याकडे येऊ. धरा, तुम्ही लिलावात १०० ला बोली जिंकलात. लिलावगृहाने तुमच्याकडून १५ टक्के शुल्क घेतलं, म्हणजे खिशातून गेले ११५. काही वर्षांनी विकताना विक्रेता म्हणून तुमच्याकडून १० टक्के कापले असं समजा. नुसते ११५ परत मिळवायला बोली जवळजवळ १२८ वर जायला हवी. यात विमा, वाहतूक, कर आणि इतकी वर्षं अडकलेल्या पैशाचं व्याज धरलेलं नाही. आणि ही झाली उत्तम परिस्थिती, कारण लिलावगृह मुळात सामान्य चहादाणी घेतच नाही. दुकानातून घेतलेली वस्तू दुकानातच परत नेली तर किरकोळ भावाने घेऊन घाऊक भावाने विकल्यासारखं होतं, तेही दुकानदाराला हवी असेल तर. परदेशी गिऱ्हाइकाची त्यात आणखी एक अडचण. चीनच्या नियमांनुसार १९११ पर्यंतच्या पुराणवस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. पर्यटकाने सामानात गुंडाळून आणलेली 'छिंग काळातली' चहादाणी एकतर छिंग काळातली नसते किंवा तस्करीची असते. दोन्हींपैकी काय निघालं तर बरं, हे त्याने स्वतःच ठरवावं.

एक प्रतिवाद उरतो आणि तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शेअरच्या कागदातून चहा ओतता येत नाही, चहादाणीतून येतो. भाव पडला तरी भांडं उरतं, आणि वापरून वापरून त्याच्या अंगावर जी मऊ झळाळी चढते ती कुठल्याच गुंतवणुकीत मिळत नाही. हे शंभर टक्के मान्य. पण हा युक्तिवाद गुंतवणुकीच्या बाजूचा आहे की विरुद्ध? ज्या क्षणी भांड्यात मोठी रक्कम अडकते त्या क्षणी ते कपाटात जातं. झाकणाची कड मुठीला एकदा आपटली, तांदळाएवढा टवका उडाला, की भाव गेला. 'त्सुकुमो नासू' ही जपानची चहा ठेवायची सुप्रसिद्ध मातीची कुपी १६१५ मध्ये ओसाकाच्या किल्ल्याबरोबर जळाली, ढिगाऱ्यातून तिचे तुकडे वेचून लाखेने जोडले गेले आणि आज ती टोकियोच्या सेइकादो संग्रहालयात आहे. तुमच्या-माझ्या चहादाणीसाठी राखेतून तुकडे वेचायला कुणी येणार नाही. वापरायची तर भाव विसरावा लागतो, भाव जपायचा तर वापर सोडावा लागतो, आणि विकणारे मात्र एकाच वाक्यात दोन्ही सुखं देऊ करतात.

काही लोक या धंद्यात खरोखर कमावतात, तेही नाकारत नाही. वीस-पंचवीस वर्षं भांडी हाताळलेली, डिंगशूच्या कारागिरांशी घरोबा असलेली, हुआंगलाँगची माती आणि रंगवलेली माती बोटांनी ओळखणारी माणसं आहेत. पण त्यांचा नफा हा त्यांच्या मेहनतीचा मोबदला आहे. ते व्यापारी आहेत. त्यांच्या नफ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं? 'गुंतवणूक' हा शब्द ऐकून पहिल्यांदाच चहादाणी घ्यायला आलेला माणूस.

माझी ती छोटी चहादाणी घेतली तेव्हा मीही त्या टोकाला उभा होतो. विक्रेत्याने पुढे आणखी एक ठेवली होती, 'वरिष्ठ' पदवीच्या कारागिराची, दहापट महाग. दोन-तीन वर्षांत किंमत दुप्पट होईल म्हणाला. मी विचारलं, 'दुप्पट राहू द्या. पुढच्या वर्षी याच दिवशी तुम्ही ही माझ्याकडून पाऊण किमतीला परत घ्याल का? तसं लिहून देता?' त्याने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला, चहादाणी उजेडाकडे वळवली आणि मातीचा रंग किती खोल आहे ते सांगायला लागला.